गाडीतली हवा आतच फिरवायचं बटण: दाबायचं कधी, सोडायचं कधी

एसीच्या पट्टीवर गाडीचं छोटं चित्र आणि तिच्या पोटात गोल वळलेला बाण असलेलं बटण जवळपास प्रत्येक गाडीत असतं. पुण्यात मी ज्यांच्या गाडीत बसतो, त्यांच्याकडे या बटणाच्या दोनच तऱ्हा दिसतात. काहींनी गाडी घरी आणली त्या दिवशी ते दाबलं आणि आजतागायत ते दाबलेलंच आहे. काहींनी त्याला कधी हातच लावलेला नाही. पहिल्यांच्या गाडीत लांबच्या प्रवासात जांभया सुरू होतात आणि पावसाळ्यात काचेवर वाफ धरते. दुसरे नवले पुलाच्या उतारावर पुढच्या ट्रकचा धूर थेट तोंडावर घेत बसतात.

मी स्वतः पहिल्या तऱ्हेतला होतो. एकदा मुंबईहून येताना भाताणच्या बोगद्यात दाबलेलं बटण तळेगावच्या टोलनाक्यापर्यंत तसंच राहिलं. गाडीत पाच माणसं होती. मागची सगळी झोपलेली, मला एकामागून एक जांभया, डोकं जड. मला वाटलं दुपारच्या जेवणाची सुस्ती असेल. टोलसाठी काच खाली केली आणि पाच मिनिटांत डोळे उघडले. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो: बटण दाबताना ते कुठे सोडायचं हेही त्याच क्षणी ठरवायचं. पुढचे सगळे टप्पे या नियमावर उभे आहेत.

## टप्पा १: आपल्या गाडीतलं बटण नीट ओळखा

आधी आत काय घडतं ते तीन वाक्यांत. बॉनेट आणि पुढच्या काचेच्या मध्ये जाळी असते, तिथून बाहेरची हवा ब्लोअरकडे, म्हणजे एसीच्या पंख्याकडे, येते. बटण दाबलं की डॅशबोर्डच्या मागची एक झडप हा रस्ता बंद करते आणि ब्लोअर गाडीतलीच हवा पुन्हा पुन्हा ओढून फिरवतो. ही हवा बहुतेक गाड्यांत पुढच्या डावीकडच्या सीटवाल्याच्या पायापाशी, ग्लव्ह बॉक्सच्या खालून ओढली जाते.

एसी चालू-बंद करणं आणि हे बटण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसी बंद असतानाही हवा आत फिरू शकते आणि एसी चालू असतानाही बाहेरची हवा येऊ शकते. निम्मा गोंधळ इथेच सुरू होतो.

गाडी उभी असताना, शांत जागी, या क्रमाने तपासा:

१. चित्र बघा. बाण गाडीच्या आत गोल फिरत असेल तर आतली हवा. बाण बाहेरून गाडीत शिरत असेल तर बाहेरची हवा. काही गाड्यांत दोन वेगळी बटणं असतात, काहींत एकच. जुन्या गाड्यांत डावी-उजवीकडे सरकवायची पट्टी असते.

२. बटणावरचा दिवा कशासाठी लागतो ते पक्कं करा. एकच बटण असेल तर बहुधा आतली हवा फिरत असताना दिवा लागतो. पण अंदाजावर राहू नका, गाडीसोबत मिळालेलं पुस्तक एकदा उघडा.

३. ब्लोअर सगळ्यात जोरात ठेवा आणि बटण दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आतली हवा फिरू लागली की आवाज वाढतो, कारण ब्लोअरचं तोंड केबिनकडे उघडतं. बाहेरची हवा घेताना आवाज थोडा दबतो.

४. गाडी बंद करून पुन्हा चालू करा. काही गाड्या मागची निवड लक्षात ठेवतात, काही दरवेळी बाहेरच्या हवेवर परत जातात. आपली गाडी यातली कोणती हे माहीत नसेल तर रोज सकाळी चुकीच्या स्थितीत बाहेर पडाल.

५. पुढच्या काचेवर हवा सोडायचं बटण दाबा. बऱ्याच गाड्या अशा वेळी आपोआप बाहेरची हवा घेऊ लागतात आणि एसीही चालू करतात. तुमची गाडी हे करत नसेल तर पावसाळ्यात ते हाताने करावं लागेल, हे आत्ताच लक्षात ठेवा.

स्वयंचलित एसीच्या गाड्यांत आणखी एक बाब आहे. गाडी फार तापलेली असेल तर ‘ऑटो’वर ती स्वतःहून आतली हवा निवडते. ‘मॅक्स एसी’ दाबल्यावरही तेच होतं. मग तुम्ही ‘मॅक्स’ काढता, पण हवा आतच फिरत राहिली आहे का हे कोणी बघत नाही. दिव्याकडे नजर टाका.

तपासणी: आवाजात काहीच फरक पडत नसेल तर टिश्यू पेपरचा तुकडा घ्या. बाहेरच्या हवेवर, ब्लोअर जोरात असताना, तो काचेखालच्या जाळीवर धरला तर हलकासा ओढला जातो. आतल्या हवेवर तो ग्लव्ह बॉक्सच्या खाली ओढला जातो. दोन्ही स्थितींत एकाच ठिकाणी ओढ लागत असेल तर झडप अडकली आहे किंवा ती हलवणारी छोटी मोटर गेली आहे. ही दुरुस्ती आधी करून घ्या. झडपच हलत नसेल तर पुढच्या टप्प्यांतलं बटण दाबणं-सोडणं वाया जाईल.

## टप्पा २: हवेचा रस्ता साफ करा

हा टप्पा लोक गाळतात आणि मग तक्रार करतात की बाहेरच्या हवेवर घाण वास येतो.

बॉनेट उघडा आणि काचेखालची जाळी बघा. गाडी गुलमोहोराखाली किंवा पर्जन्यवृक्षाखाली उभी राहत असेल तर त्यांची बारीक पानं जाळीतून खाली जाऊन साचतात. कोथरूड, एरंडवणे, कर्वेनगरच्या जुन्या सोसायट्यांत हे घरोघरी आहे. पावसाचं पाणी पडलं की ही पानं कुजतात आणि तोच वास आत येतो. हाताने, मग व्हॅक्यूमने काढा. पाइप लावून धुऊ नका, ओला पाला आणखी आत सरकतो. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, हे काम एकदा नक्की करायचं.

मग केबिन फिल्टर. बहुतेक छोट्या गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. ग्लव्ह बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली सोडला की फिल्टरचं झाकण दिसतं. फिल्टर बाहेर काढा आणि उजेडात धरा. करडा-काळा झाला असेल, पानं अडकली असतील किंवा कुबट वास येत असेल तर बदला. साधारण वर्षातून एकदा किंवा १०,००० ते १५,००० किलोमीटरला बदलावा असं धरा. तुमचा रोजचा रस्ता बांधकामाच्या धुळीतून जात असेल तर त्याआधीच. बसवताना फिल्टरवरचा हवेच्या दिशेचा बाण बघा, उलटा बसवलेला फिल्टर मी दोन गाड्यांत पाहिला आहे. काही जुन्या किंवा स्वस्त मॉडेलांत फिल्टर बसवलेलाच नसतो, नुसती जागा असते. अशी गाडी असेल तर फिल्टर आजच घ्या.

फिल्टरचं काम समजून घेणं इथे महत्त्वाचं आहे. फिल्टर बहुधा झडपेच्या पुढे असतो, म्हणून आतली हवा फिरत असतानाही ती दर फेरीला गाळली जाते. धुळीच्या रस्त्यावर बटण दाबून काही मिनिटांत हवा स्वच्छ वाटते ती यामुळेच. पण साधा फिल्टर फक्त कण अडवतो. वायू त्यातून आरपार जातात. कोळशाचा थर असलेला फिल्टर वास आणि काही वायू कमी करतो, गाडीच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड मात्र तोही अडवत नाही.

शेवटी डाव्या सीटच्या पायापाशी हात घाला. छत्री, चपला, भाजीच्या पिशव्या, जुनी बिलं तिथे कोंबलेली असतील तर आतली हवा ओढायचं तोंड झाकलं जातं. ओली छत्री तिथे ठेवणं सगळ्यात वाईट. ब्लोअर तिचाच ओलावा ओढून सगळ्या गाडीत फिरवतो.

तपासणी: त्याच जागचं कार्पेट दाबून बघा. पाऊस नसताना ते ओलं लागलं तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली असण्याची शक्यता मोठी आहे. ती साफ होईपर्यंत आतली हवा फिरवाल तेव्हा कुबट वासच फिरेल.

## टप्पा ३: उन्हात तापलेल्या गाडीत बसताना

एप्रिलमध्ये पुण्यात बाहेर ३८ अंश असतात तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या आत ५५-६० अंश सहज होतात. इथे लोक बसल्या बसल्या काचा बंद करून, आतली हवा लावून, एसी जोरात सोडतात. म्हणजे बाहेर ३८ अंशांची हवा फुकट मिळत असताना ६० अंशांची हवा थंड करायला घेतात. क्रम असा हवा:

१. दोन्ही बाजूंची दारं मिनिटभर उघडी ठेवा. समोरासमोरची दारं उघडली की वारा आरपार जातो.

२. काचा चार बोटं खाली, बाहेरची हवा, ब्लोअर जोरात, एसी चालू. याच स्थितीत गाडी काढा.

३. एक-दोन मिनिटं चालवल्यावर, झोतातून येणारी हवा हाताला गार लागली की काचा वर करा आणि आता आतली हवा फिरवा.

४. गाडी गार झाली की ब्लोअर कमी करा आणि घड्याळ बघा. इथून पुढे टप्पा ४ लागू.

तिसऱ्या पायरीनंतर आतली हवा फिरवणं उन्हाळ्यात खरोखर फायद्याचं आहे. एसीला आधीच थंड झालेली हवा पुन्हा थंड करायची असते, त्यामुळे कॉम्प्रेसरवरचा भार कमी होतो. छोट्या इंजिनाच्या गाडीत कात्रजचा जुना घाट चढताना हा फरक पायाखाली कळतो.

सावधान: गाडी बंदिस्त गॅरेजमध्ये किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये चालू ठेवून ‘गार होऊ दे’ म्हणत बसू नका. आतली हवा लावली म्हणजे बाहेरचा कार्बन मोनॉक्साइड आत येत नाही, हा समज घातक आहे. झडप हवाबंद नसते, दारांच्या रबरांतूनही हवा शिरते, आणि या वायूला वास नसतो.

## टप्पा ४: किती वेळ? आधी हिशेब, मग नियम

शांत बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. छोट्या गाडीच्या आत अंदाजे ३,००० लिटर हवा मावते. गाडी पूर्ण हवाबंद धरली तर एका माणसामुळे दर मिनिटाला दहा लाखात सुमारे १०० भाग वाढतात, चार माणसांमुळे ४००. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दहा लाखात सुमारे ४२० असतं. म्हणजे चार माणसांच्या गाडीत दहा मिनिटांत ते ४,००० च्या पुढे जाऊ शकतं. कामाच्या ठिकाणी ८ तासांच्या पाळीसाठी ५,००० ही मर्यादा सर्रास धरली जाते, आणि १,००० च्या वरच खोली कोंदट वाटू लागते. प्रत्यक्षात गाडी थोडी गळते, वेगात जास्त गळते, त्यामुळे आकडे याहून कमी राहतात. पण दिशा हीच असते, आणि बटण तासभर दाबलेलं असेल तर गळतीचा आधार पुरत नाही.

या हिशेबावरून मी पाळतो ती वेळ अशी: गाडीत एकटा असेन तर २० मिनिटं, दोघं असू तर १५, चार-पाच जण असतील तर ८ ते १०. त्यानंतर दोन-तीन मिनिटं बाहेरची हवा, ब्लोअर मधल्या वेगाच्या वर. एवढ्यात आतली हवा बऱ्यापैकी बदलते. लहान मुलं मागे झोपली असतील तर मी वेळ आणखी कमी करतो, कारण ‘कोंदतंय’ असं ती सांगत नाहीत.

घड्याळ बघणं जमत नसेल तर खुणा बांधा. वाकडहून कात्रजकडे बायपासने जाताना माझ्या खुणा ठरलेल्या आहेत. बाणेरच्या आसपास गर्दी लागली की दाबायचं, चांदणी चौक मागे पडला की सोडायचं. वारज्याला मुठेचा पूल ओलांडेपर्यंत बाहेरची हवा. मग नवले पूल यायच्या आत पुन्हा दाबायचं, कारण तिथे जड गाड्यांचा धूर आणि तापलेल्या ब्रेकचा वास हमखास असतो. तुमच्या रोजच्या रस्त्याच्या अशा खुणा एकदा ठरवल्या की हात आपोआप जातो.

दाबायचे प्रसंग सांगायला फार वेळ नको: सिग्नलला पुढे धूर सोडणारा टेम्पो, मेट्रोच्या किंवा रस्त्याच्या कामाची धूळ, उन्हाळ्यात नदीकाठचा वास, कचरा जळत असलेली कोपऱ्यावरची जागा. नेमका क्षण मात्र चुकतो. धूर दिसल्यावर दाबा, नाकात गेल्यावर नाही. धूर आत आल्यानंतर बटण दाबलं तर तोच धूर कोंडून फिरवत बसाल. आत आलाच असेल तर पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत बाहेरची हवा जोरात सोडून तो आधी बाहेर घालवा.

सिग्नलला पुढच्या गाडीची मागची चाकं जमिनीला टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवा. बटणाइतकाच याचा उपयोग होतो.

आणखी एक चूक सांगतो, कारण ती फार हुशार माणसंही करतात: ब्लोअर शून्यावर आणून ‘आता बाहेरचं काही आत येत नाही’ असं मानणं. झडप बाहेरच्या बाजूला उघडी असेल तर चालत्या गाडीत वाऱ्याच्या दाबाने हवा जाळीतून आत येतच राहते.

सावधान: सीएनजीच्या गाडीत गॅसचा वास आला तर आतली हवा मुळीच लावू नका. गाडी कडेला घ्या, काचा खाली करा, इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा आणि सिलिंडरची झडप बंद करा. इंजिनाकडून धुराचा वास येत असेल तरी हेच: काचा खाली, आणि गाडी दाखवून घेईपर्यंत हे बटण विसरा.

## टप्पा ५: बोगदा

एक्सप्रेस वेवर मुंबईकडे जाताना कामशेत, खंडाळा, मडप, भाताण असे बोगदे लागतात, साताऱ्याच्या बाजूला नवा कात्रज आणि खंबाटकी. बोगद्यात धूर साठतो, त्यातही चढावर ट्रक हळू चालत असतील तर जास्त.

बटण बोगद्याच्या तोंडाशी पोहोचायच्या आधी, साधारण दोन-तीनशे मीटर अलीकडे दाबा. दिवे लावता तेव्हाच हेही करायची सवय लावा. काचा पूर्ण वर आहेत का बघा. बाहेर पडल्यावर लगेच सोडू नका. बोगद्याच्या तोंडाशी धुराचा लोट बाहेर येत असतो आणि पुढचा ट्रक अजून तुमच्या पुढेच असतो. त्याला ओलांडलं, मोकळा रस्ता मिळाला की सोडा.

मी केली ती चूक नेमकी इथेच होते. बोगदा संपतो, उजेड येतो, गप्पा सुरू होतात आणि बटण राहून जातं. म्हणून शेजारी बसलेल्याला हे काम सांगून ठेवा. माझ्या शेजारी मुलगी असते, ती बोगद्याबाहेर आल्यावर मोठ्याने ‘बाबा, हवा!’ म्हणते. गेल्या दोन वर्षांत तिचं एकदाही चुकलं नाही.

वाहतूक कोंडीमुळे बोगद्यातच अडकलात तर मात्र वेळेचा नियम सैल करू नका. गाड्या उभ्या आहेत, चार-पाच माणसं आत आहेत, तर दहा मिनिटांनी बाहेरची हवा थोडा वेळ घ्यावीच लागेल. पुढे इंजिन चालू ठेवून थांबलेला ट्रक नसेल तेव्हा ती घ्या.

## टप्पा ६: पावसाळा

पुण्यात सर्वाधिक चुका इथे होतात आणि त्या धोकादायक आहेत, कारण समोरचं दिसेनासं होतं.

माणूस श्वास आणि घाम मिळून तासाला ४०-५० ग्रॅम पाणी तरी हवेत सोडतो. २५ अंशांच्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे छोट्या गाडीच्या पूर्ण केबिनमध्ये ७० ग्रॅमच्या आसपास. चार भिजलेली माणसं, ओले रेनकोट, पायाखालचा चिखल, आणि त्यात आतलीच हवा एसीशिवाय फिरत असेल, तर काही मिनिटांत काच पांढरी होणारच.

पहिलं काम: वाफ कुठल्या बाजूला आहे ते बघा. आतून काचेवर बोट फिरवा. रेघ उमटली तर वाफ आत आहे. नाही उमटली आणि वायपर एकदा फिरवल्यावर काच साफ होऊन पुन्हा धुरकटली तर वाफ बाहेर आहे. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, एवढंच नव्हे तर जवळजवळ उलटा आहे.

वाफ आतून असेल तर, याच क्रमाने:

१. आतली हवा बंद करा, बाहेरची हवा घ्या.
२. एसी चालू करा. थंडी वाजते म्हणून एसी बंद ठेवणं ही इथली मुख्य चूक आहे. एसीच्या गार कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि हवा कोरडी होऊन बाहेर पडते. पाऊस पडत असताना बाहेरची हवाही दमट असते, म्हणून तिला या कॉइलवरून नेणं भाग आहे.
३. हवेची दिशा पुढच्या काचेकडे वळवा.
४. ब्लोअर जोरात.
५. तापमानाचा खटका मध्यापर्यंत किंवा थोडा गरम बाजूला न्या. एसी चालू आणि हवा कोमट, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कोरडी कोमट हवा काच सगळ्यात लवकर साफ करते.

काच स्वच्छ झाली की ब्लोअर कमी करा, पण एसी आणि बाहेरची हवा चालूच राहू द्या.

इथे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: एसी चालू असेल तर आतली हवा फिरवूनही ती कोरडी होतेच ना? होते. पण कॉम्प्रेसर मध्येच थांबला किंवा तुम्ही एसी बंद केला, की कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा त्याच हवेत उडतं आणि काच क्षणात धरते. घाटात वळणावर हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. शिवाय माणसांचा ओलावा आत साठत राहतोच. म्हणून पावसात दिवसभर बाहेरची हवा हाच पाया. धुराचा ट्रक आला तर अर्धा मिनिट आतली, तेही एसी चालू ठेवून.

वाफ बाहेरून असेल तर: काच एसीमुळे फार गार झाली आहे आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर जमते आहे. वायपर फिरवा. हवेचा झोत काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायाकडे वळवा. तापमान दोन-तीन अंश वाढवा. अशा वेळी घाबरून काचेवर आणखी गार झोत सोडला तर वाफ वाढतच जाते. जुलैत ताम्हिणीत गाड्या कडेला थांबून लोक आतून फडकं मारताना दिसतात. त्यातल्या अनेकांची वाफ बाहेर असते, म्हणून पुसून फरक पडत नाही.

हाताने काच पुसू नका. तळव्याचा तेलकटपणा काचेवर राहतो आणि पुढच्या वेळी तिथेच वाफ आधी धरते. गाडीत मऊ मायक्रोफायबरचं कोरडं फडकं ठेवा. पावसाळ्याआधी काच आतून साबणाच्या पाण्याने, मग कोरड्या फडक्याने साफ करा. डॅशबोर्डला लावलेल्या चकाकीच्या पॉलिशचा आणि धुपाचा पातळ थर आतून काचेवर बसतो, त्यावर वाफ फार लवकर जमते.

तपासणी: पहिल्या पावसाआधी एका संध्याकाळी पाच पायऱ्या डोळे रस्त्यावर ठेवून, हाताने चाचपून करता येतात का ते गाडी उभी असताना बघा. टचस्क्रीनवर एसी असलेल्या गाड्यांत हे अवघड जातं. तिथे निदान पुढच्या काचेचं वेगळं बटण कुठे आहे ते हाताला माहीत हवं.

## टप्पा ७: थंडी

डिसेंबर-जानेवारीत पहाटे गार हवा जमिनीलगत पडून राहते आणि शेकोट्यांचा, जळणाऱ्या पाल्याचा, गाड्यांचा धूर तिच्यात अडकतो. दिवाळीच्या रात्री तर विचारूच नका. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेच्या ‘सफर’ सेवेवर पुण्यातल्या हवेच्या प्रदूषणाचे आकडे मिळतात. पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांसाठी आपल्याकडचं २४ तासांचं मानक घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. आकडा त्याच्या वर असेल तर मी सकाळी नऊपर्यंत फिल्टरसह आतली हवा जास्त वापरतो, पण टप्पा ४ मधली वेळ सोडत नाही. ऊन वर चढलं की बाहेरची.

थंडीत एसी बंद असतो आणि काचा वर असतात, म्हणून आतली हवा लावली की काच धरते. कंटाळा न करता एसी चालू करा आणि तापमान गरमकडे ठेवा.

## टप्पा ८: उतरण्याआधीची पाच मिनिटं

घर जवळ आलं की एसीचं बटण बंद करा, ब्लोअर चालू ठेवा आणि बाहेरची हवा घ्या. दमट दिवसांत कॉइल ओली असते. ती तशीच बंद केली की रात्रभर ओल राहते, बुरशी धरते आणि सकाळी पहिल्या झोतात ओल्या मोज्यांचा वास येतो. या पाच मिनिटांत ती बरीच सुकते. धुवांधार पाऊस असेल आणि एसी बंद केल्यावर काच धरायला लागली तर हे सोडून द्या, काच आधी.

मी हे सिंहगड रस्त्याच्या शेवटच्या सिग्नलला करतो. पार्किंगमध्ये गाडी लावली, हँडब्रेक ओढला, की उतरण्याआधी बटणाच्या दिव्याकडे बघतो. दिवा विझलेला असेल तरच किल्ली काढतो, म्हणजे सकाळी गाडी जो कोणी नेईल त्याला बाहेरच्या हवेवर सुरुवात करता येते.